वाचकांचे प्रश्न : गॅमा किरणांची गाठ अणूमध्ये नेमकी कोणाशी पडते?

गेल्या काही महिन्यांत गॅमा किरणांविषयी बरीच पत्रे आली. विषय वेगवेगळे असले तरी त्यांतील बहुतेक शंकांचे मूळ एकच आहे. गॅमा किरण अणुकेंद्रातून निघतात, म्हणून पदार्थात शिरल्यावरही ते अणुकेंद्रावरच आघात करत असावेत, असे आपण नकळत गृहीत धरतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहे. अणूंच्या जगात ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्ट या एककात मोजतात. सोयीसाठी एक हजार इलेक्ट्रॉन व्होल्टला केईव्ही आणि दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्टला एमईव्ही म्हटले आहे.

प्रश्न : शस्त्रक्रियेचे साहित्य आणि काही खाद्यपदार्थ कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. इतक्या तीव्र किरणोत्सर्गात राहिलेली वस्तू स्वतः किरणोत्सारी कशी होत नाही? न्यूट्रॉनच्या माऱ्याने तर वस्तू किरणोत्सारी होतात.

ती होत नाही, आणि न्यूट्रॉनशी केलेली आपली तुलनाच याचे कारण समजून घ्यायला उपयोगी पडते. एखादी वस्तू किरणोत्सारी होण्यासाठी तिच्यातील काही अणुकेंद्रांची घडण बदलावी लागते. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्याने तो अगदी मंद असला तरी अणुकेंद्रात शिरू शकतो आणि तेथेच सामावला गेला, तर ते केंद्र एका न्यूट्रॉनने जड होते. स्थिर कोबाल्ट-५९ पासून किरणोत्सारी कोबाल्ट-६० याच मार्गाने तयार केला जातो. गॅमा किरणाचा फोटॉन, म्हणजे त्याच्या ऊर्जेचा एक सुटा पुंज, मात्र अणुकेंद्राला ऊर्जा देऊ शकतो, कण देऊ शकत नाही. त्याला अणुकेंद्राची घडण बदलायची असेल, तर आतला एखादा प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा त्याच्यापाशी असावी लागते.

ही ऊर्जा बहुतेक अणुकेंद्रांच्या बाबतीत ६ एमईव्हीपेक्षा जास्त असते आणि आपल्या सभोवतालच्या पदार्थांत विपुल असणाऱ्या मूलद्रव्यांच्या बाबतीत तर ती आणखी चढी आहे. नायट्रोजनमधून न्यूट्रॉन सुटण्यासाठी सुमारे १०.६ एमईव्ही, ऑक्सिजनसाठी सुमारे १५.७ एमईव्ही आणि कार्बनसाठी सुमारे १८.७ एमईव्ही लागतात. कोबाल्ट-६० मधून बाहेर पडणाऱ्या दोन प्रमुख गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही एवढीच आहे. येथे किरणांची तीव्रता वाढवून किंवा वस्तू अधिक काळ ठेवून काहीही साधत नाही, कारण दहा फोटॉनांनी आपली ऊर्जा एकत्र करून एक न्यूट्रॉन सोडवावा असे घडत नाही. प्रत्येक फोटॉनाला ते काम एकट्याने करावे लागते. या नियमाला दोन ठळक अपवाद आहेत. बेरिलियममधील न्यूट्रॉन १.६७ एमईव्हीला आणि जड हायड्रोजनमधील न्यूट्रॉन २.२२ एमईव्हीला सुटतो, पण कोबाल्टचे किरण या दोन्ही उंबरठ्यांच्याही खालीच राहतात. अन्नावरील प्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय मानकात कोबाल्ट-६० आणि सिझियम-१३७ यांचे गॅमा किरण, ५ एमईव्हीपर्यंतचे क्ष-किरण आणि १० एमईव्हीपर्यंतचे इलेक्ट्रॉन एवढ्यांनाच परवानगी आहे. या मर्यादा ठरवताना अणुकेंद्रांच्या बंधनऊर्जेचाच विचार मुख्यतः झाला आहे.

मग जंतू मरतात ते कशाने? फोटॉन अणूतील एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का देतो, आणि तो वेगवान इलेक्ट्रॉन पुढचे सगळे नुकसान करतो. कोबाल्टच्या किरणाची पाण्यासारख्या पदार्थात एक टक्कर झाली की सरासरी जवळजवळ निम्मी ऊर्जा इलेक्ट्रॉनाकडे जाते. अर्ध्या एमईव्हीचा इलेक्ट्रॉन पाण्यात दोन मिलिमीटरच्या आत थांबतो, पण तेवढ्या वाटेत तो हजारो रेणूंमधून इलेक्ट्रॉन उखडून टाकतो. हवेत अशी एक आयनजोडी तयार होण्यास सरासरी ३४ इलेक्ट्रॉन व्होल्ट खर्च होतात, म्हणजे एकाच टकरीमागे चौदा हजारांहून अधिक जोड्या झाल्या. जंतूंच्या आनुवंशिक रेणूंचे धागे तुटतात ते या दुय्यम इलेक्ट्रॉनांमुळे आणि त्यांनी पाण्यातून निर्माण केलेल्या क्रियाशील तुकड्यांमुळे. हा बदल रासायनिक असतो. त्या रेणूंतील कार्बनची केंद्रे आधी होती तशीच राहतात.

उपचारांसाठी वापरल्या जाणाऱ्या काही त्वरकांतून, म्हणजे इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांतून, मात्र १० एमईव्हीपेक्षा अधिक ऊर्जेचे क्ष-किरण निघतात. तेथे यंत्राच्या धातूंच्या भागांतून थोडे न्यूट्रॉन खरोखर सुटतात, आणि खोलीच्या भिंती व दार यांची रचना करताना त्यांचा वेगळा हिशेब करावा लागतो.

प्रश्न : मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. प्रकाशविद्युत परिणामात इलेक्ट्रॉन फोटॉनाची संपूर्ण ऊर्जा शोषतो, तर कॉम्प्टन परिणामात अंशतःच घेतो. मोकळा इलेक्ट्रॉन फोटॉन पूर्णपणे शोषू शकत नाही, एवढे एक वाक्य पुस्तकात आहे. ते विद्यार्थ्यांना कसे पटवावे?

हे वाक्य पुस्तकांत फार घाईने उरकले जाते, याची मलाही खंत वाटते. या विषयातील अर्धी समज त्याच्यात दडलेली आहे. विद्यार्थ्यांना असे सांगून पाहावे. समजा, एका मोकळ्या इलेक्ट्रॉनाने फोटॉन संपूर्ण शोषला आणि तो काही वेगाने निघाला. आता ही घटना आपण त्याच वेगाने त्याच दिशेने जाणाऱ्या निरीक्षकाच्या नजरेतून पाहू. त्याला शोषणानंतरचा इलेक्ट्रॉन स्थिर दिसेल, म्हणजे शेवटची एकूण ऊर्जा केवळ इलेक्ट्रॉनाच्या वस्तुमानाची, ५११ केईव्ही. पण त्याच निरीक्षकाला शोषणापूर्वीचा इलेक्ट्रॉन उलट दिशेने धावताना दिसत होता आणि शिवाय फोटॉनही होता, म्हणजे सुरुवातीची ऊर्जा निश्चितच ५११ केईव्हीहून जास्त होती. ऊर्जा नाहीशी होत नाही, तेव्हा मूळ गृहीतच चूक ठरते. आकडेमोड न करताही हे सिद्ध होते, म्हणून नववी-दहावीच्या वर्गालाही ते झेपते.

इलेक्ट्रॉन अणूत बांधलेला असला की चित्र बदलते, कारण आता हिशेबात तिसरा भागीदार येतो. अणू स्वतः किंचित मागे सरकतो आणि उरलेला संवेग स्वतःकडे घेतो. तो इतका जड असतो की हे करताना त्याला ऊर्जा मात्र नगण्य लागते. म्हणूनच जो इलेक्ट्रॉन अणुकेंद्राशी जितका घट्ट बांधलेला, त्याच्याकडून पूर्ण शोषण होण्याची शक्यता तितकी अधिक. सर्वांत आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी फोटॉनाची ऊर्जा असेल, तर सुमारे ८० टक्के प्रकाशविद्युत घटना त्याच कवचात घडतात. शिशाच्या बाबतीत ही मर्यादा ८८ केईव्हीला येते, आणि किरणांची ऊर्जा ती ओलांडताच शिशाची शोषणक्षमता एकदम उडी घेते. अणुक्रमांकाच्या साधारण चौथ्या ते पाचव्या घातानुसार ही क्रिया वाढते आणि फोटॉनाची ऊर्जा चढत गेली की जवळजवळ तिसऱ्या घाताने घटते.

फोटॉनाची ऊर्जा इलेक्ट्रॉनाच्या बंधनऊर्जेच्या, म्हणजे त्याला अणूतून सोडवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या, मानाने फार मोठी झाली, की इलेक्ट्रॉन बांधलेला आहे की मोकळा, याला महत्त्व राहत नाही. तो जणू मोकळाच असतो, आणि मोकळा असल्यामुळेच फोटॉन पूर्ण शोषू शकत नाही. काही ऊर्जा घेऊन धाकटा फोटॉन दुसऱ्या दिशेने जाऊ देणे त्याला भाग पडते. आर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या सूत्राचा गाभा हाच आहे, आणि त्यासाठी त्यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. विखुरलेल्या फोटॉनाची तरंगलांबी किती वाढेल, हे केवळ कोनावर अवलंबून असते, पदार्थ कोणता आहे यावर नाही. मूळ किरण कितीही ऊर्जावान असला, तरी थेट मागे फिरलेल्या फोटॉनाची ऊर्जा सुमारे २५६ केईव्हीच्या वर कधीच जात नाही, हा त्या सूत्राचा निष्कर्ष विद्यार्थ्यांकडून अवश्य काढून घ्यावा.

हाच धक्का अणुकेंद्राला का बसत नाही, हेही कोणी विचारील. विद्युतभारित कण किरणांना किती विखुरतो, ते त्याच्या वस्तुमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. प्रोटॉन इलेक्ट्रॉनापेक्षा १८३६ पट जड आहे, म्हणून त्याचे योगदान तेहतीस लाखांहून अधिक पटींनी कमी भरते. शिवाय १ एमईव्हीच्या किरणाची तरंगलांबी शिशाच्या अणुकेंद्राच्या व्यासाच्या जवळजवळ ९० पट असते.

प्रश्न : इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची जोडी अणुकेंद्राजवळ निर्माण होते. मग तो तरी अणुकेंद्राचा परिणाम मानावा का?

येथे अणुकेंद्राची गरज असते, पण त्याच्या अंतरंगाची नसते. १.०२२ एमईव्हीपेक्षा अधिक ऊर्जा असलेला फोटॉन नाहीसा होऊन त्याच्या जागी एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनाएवढाच पण धनभारित कण, निर्माण होऊ शकतात. दोघांच्या वस्तुमानांची मिळून तेवढीच किंमत होते. निर्वात पोकळीत मात्र हे घडू शकत नाही, आणि मघाचाच युक्तिवाद येथेही लागू पडतो. जोडीचा एकूण संवेग शून्य दिसेल असा निरीक्षक नेहमी सापडतो, पण ज्याच्या दृष्टीने फोटॉनाचा संवेग शून्य आहे असा निरीक्षक असूच शकत नाही. अणुकेंद्राचे तीव्र विद्युतक्षेत्र ही तफावत भरून काढते. अणुकेंद्र थोडा संवेग घेते आणि पूर्वीइतकेच स्थिर राहते. हे काम एखादा इलेक्ट्रॉनही करू शकतो, मात्र तो हलका असल्याने उंबरठा दुप्पट होऊन २.०४४ एमईव्हीवर जातो.

आपल्या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९२९ साली क्लाइन आणि निशिना यांनी कॉम्प्टन परिणामाचे पुंजसिद्धांतावर आधारलेले सूत्र मांडले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात काम करणारे चिनी शास्त्रज्ञ चाओ चुंग-याओ यांनी थोरियमच्या मालिकेतील २.६ एमईव्हीचे गॅमा किरण शिशातून पाठवून पाहिले, तर त्या सूत्राने सांगितल्यापेक्षा अधिक किरण शोषले जात होते. हलक्या मूलद्रव्यांत सूत्र बरोबर ठरत होते, जड मूलद्रव्यांत नव्हते. बर्लिनमध्ये लीझ माइटनर आणि हुपफेल्ड यांनाही हेच आढळले. हा वाढीव भाग शिशाचे अणुकेंद्रच शोषत असणार, असे त्या वेळी अनेकांना वाटले, आणि उपलब्ध ज्ञानात ते तर्कशुद्धही होते. चाओ यांना शिशातून अर्ध्या एमईव्हीच्या आसपासचे, सर्व दिशांना सारख्या प्रमाणात जाणारे वेगळे किरणही दिसले होते. १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांनी पॉझिट्रॉन शोधला, १९३३ मध्ये ब्लॅकेट आणि ओकियालिनी यांनी जोडीच्या निर्मितीचा अर्थ लावला, आणि मगच उलगडा झाला की जादा शोषण म्हणजे जोड्यांची निर्मिती आणि अर्ध्या एमईव्हीचे किरण म्हणजे पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनाला भेटून दोघे नष्ट होताना निघणारे ५११ केईव्हीचे फोटॉन. चाओ यांच्या नोंदींत पॉझिट्रॉनाची खूण होती, पण ती वाचण्यासाठी लागणारी कल्पनाच तेव्हा पुरेशी रुजलेली नव्हती. या शोधाच्या श्रेयात त्यांचे नाव अजूनही फार कमी वेळा घेतले जाते, ते अधिक वेळा घेतले जावे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : गॅमा किरण अडवण्यासाठी शिसेच सर्वोत्तम, असे म्हणतात. किती जाडीचे शिसे लावले की किरण पूर्ण थांबतात?

पूर्ण थांबवणारी जाडी अस्तित्वात नाही. इलेक्ट्रॉन किंवा अल्फा कण पदार्थात टप्प्याटप्प्याने ऊर्जा गमावतात आणि ठरावीक अंतरावर थांबतात. फोटॉन मात्र एक तर काहीही न होता पुढे जातो किंवा एका घटनेत बाद होतो, त्यामुळे प्रत्येक थरात उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्साच कमी होतो. कोबाल्ट-६०च्या किरणांची अरुंद शलाका निम्मी करायला शिशाचा १ सेंटिमीटरहून किंचित जाड थर लागतो, तर पाण्याचा सुमारे ११ सेंटिमीटरचा. असे दहा थर दिले की किरण हजाराव्या हिश्श्याहूनही थोडे कमी उरतात, पण शून्य होत नाहीत. प्रत्यक्ष भिंतींच्या मागे यापेक्षा थोडी अधिक जाडी धरावी लागते, कारण विखुरलेले फोटॉनही पलीकडे पोहोचतात.

आता शिशाच्या श्रेष्ठत्वाविषयी. १०० केईव्हीला प्रकाशविद्युत परिणाम प्रबळ असतो, आणि तेथे एक ग्रॅम शिसे एक ग्रॅम पाण्यापेक्षा तीसपटींहून अधिक प्रभावी ठरते. १ एमईव्हीला मात्र दोघांचे ग्रॅममागे क्षीणन, म्हणजे किरण कमी करण्याची क्षमता, जवळजवळ सारखेच आहे : पाण्याचे ०.०७०७ आणि शिशाचे ०.०७१० चौरस सेंटिमीटर प्रतिग्रॅम. या पट्ट्यात कॉम्प्टन परिणामाचे राज्य असते, त्याला केवळ इलेक्ट्रॉनांची संख्या कळते, आणि पाण्याच्या एका ग्रॅममध्ये इलेक्ट्रॉन शिशाच्या एका ग्रॅमपेक्षा उलट जास्तच असतात. म्हणून या ऊर्जेला शिशाचा लाभ त्याच्या घनतेपुरता, म्हणजे जागा वाचवण्यापुरता उरतो. जागा मुबलक असेल तेथे पाणी किंवा काँक्रीट तेच काम करते. आणखी वर, सुमारे तीन एमईव्हीच्या पुढे जोड्यांची निर्मिती वाढत जाते आणि शिसे पुन्हा सरस ठरू लागते.

प्रश्न : प्रयोगशाळेत सिझियम-१३७ चा वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेच्या किती नोंदी होतात याचा आलेख, घेतला. उगम ६६२ केईव्हीचा एकच किरण देतो, तरी पडद्यावर अनेक उंचवटे दिसतात. उपकरणात दोष आहे का?

दोष नाही, आपण ज्या परिणामांविषयी वाचले, ते सगळे एकाच आलेखात दिसत आहेत. ६६२ च्या शिखरावर ते फोटॉन मोजले जातात, ज्यांची संपूर्ण ऊर्जा किरण मोजणाऱ्या उपकरणातील स्फटिकातच राहिली. काही फोटॉन स्फटिकात एकदाच टक्कर देऊन बाहेर निसटतात, आणि इलेक्ट्रॉनाला मिळालेला वाटाच नोंदवला जातो. हा वाटा शून्यापासून कमाल ४७७ केईव्हीपर्यंत काहीही असू शकतो, म्हणून तेथे एक पसरट पठार आणि त्याच्या टोकाला उतार दिसतो. सुमारे १८४ केईव्हीचा उंचवटा म्हणजे स्फटिकाबाहेरच्या वस्तूंवर आपटून मागे फिरलेले फोटॉन. १८४ आणि ४७७ यांची बेरीज करून पाहावी, ती ६६१ येते आणि दशांश धरले तर नेमकी मूळ ऊर्जा मिळते. शिशाचे आवरण असेल, तर ७५ केईव्हीच्या आसपास शिशाचे स्वतःचे क्ष-किरण दिसतील, कारण आतल्या कवचातील रिकामी झालेली जागा बाहेरचा इलेक्ट्रॉन भरतो.

डाव्या टोकाचा ३२ केईव्हीचा उंचवटा मला सर्वांत रोचक वाटतो. सिझियमपासून तयार झालेले बेरियमचे उत्तेजित केंद्र सुमारे दहांपैकी एका वेळी गॅमा किरण सोडतच नाही, तर आपली ऊर्जा स्वतःच्याच कवचातील इलेक्ट्रॉनाला थेट देते, आणि मग बेरियमचा क्ष-किरण निघतो. अणुकेंद्र आणि इलेक्ट्रॉन यांच्यातील हा व्यवहार फोटॉनाच्या मध्यस्थीशिवाय होतो.

प्रश्न : म्हणजे अणुकेंद्र गॅमा किरण कधीच शोषत नाही, असे समजावे का?

नाही, तो टोकाचा निष्कर्ष होईल. जेम्स चॅडविक आणि मॉरिस गोल्डहाबर यांनी १९३४ साली २.६ एमईव्हीच्या गॅमा किरणांनी जड हायड्रोजनचे केंद्र फोडून दाखवले. त्याहून वरच्या ऊर्जांवर सर्व अणुकेंद्रांत एक व्यापक अनुस्पंदन आढळते, ज्यात सगळे प्रोटॉन सगळ्या न्यूट्रॉनांविरुद्ध एकत्रितपणे आंदोलित होतात. शिशात त्याचे शिखर १३.५ एमईव्हीच्या जवळ येते. त्या शिखरावरही एकूण शोषणात अणुकेंद्राचा हिस्सा काही टक्क्यांपुरताच असतो.

कमी ऊर्जेला अणुकेंद्र फोटॉन शोषू शकते, पण तो त्याच्या एखाद्या ऊर्जापातळीशी विलक्षण काटेकोरपणे जुळावा लागतो. लोह-५७ चे उदाहरण घ्यावे. त्याच्या १४.४ केईव्हीच्या पातळीची रुंदी, म्हणजे जुळणीत चालणारा फरक, अवघी ४.७ अब्जांश इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, तर मोकळा अणू हा फोटॉन सोडताना मागे सरकून एका इलेक्ट्रॉन व्होल्टचा सुमारे पाचशेवा हिस्सा गमावतो, म्हणजे रुंदीच्या चार लाख पट. त्यामुळे एका अणूने सोडलेला फोटॉन दुसऱ्या तशाच अणूला कधी जुळत नाही. रुडॉल्फ म्योसबाउअर यांनी १९५८ मध्ये इरिडियमवर प्रयोग करून दाखवले की अणू घन स्फटिकात जखडलेला असेल, तर काही घटनांत प्रतिक्षेपाचा, म्हणजे मागे सरकण्याचा, संवेग एकटा अणू न घेता सबंध स्फटिक घेतो आणि ऊर्जेची तूट पडत नाही. १९६१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा प्रतिक्षेपरहित फोटॉनाला लोह-५७ चे केंद्र त्या अणूतील सर्व इलेक्ट्रॉनांपेक्षा शेकडो पटींनी अधिक तत्परतेने शोषते, आणि उगम सेकंदाला मिलिमीटरच्या काही अंशाने जरी सरकवला, तरी हे शोषण थांबते.